व्हॉल्व्ह रेडिओला मोबाइल, ब्लूटूथ आणि बाहेरची एरियल: कुठे आणि कशी जोडायची?

हिरवाडोळा

दोन संच आहेत, दोन्ही चालू, दोन्हींचे कागदी कंडेन्सर बदललेले.

मोठा, त्यातले व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या): ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. मागे पिकअपची (बाहेरचा आवाज आत घ्यायची) दोन सॉकेट्स, एरियल-अर्थची दोन, बँडस्विचला ग्रामची (ग्रामोफोनची) जागा.

लहान: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५. पिकअप नाही. एरियल म्हणून मागून एक बारीक वायर लोंबते.

विचारायचं ते असं. मोबाइल आणि लॅपटॉपचा स्टीरिओ आवाज या मोनो संचांत कसा घालावा? मोठ्याच्या आत ब्लूटूथ बोर्ड बसवून तो व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या ६.३ व्होल्टवर चालवायचा आहे. ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि ७८०५ (पक्के ५ व्होल्ट देणारी चिप) लावून नुसता बोर्ड चालतो, पण बोर्डाची ऑडिओची काळी वायर चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) टेकवली की ब्रिजमधला डायोड चटका बसेल इतका तापतो. आणि मिडियम वेव्हवर घरातले एलईडी दिवे लागले की खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, तर एरियल कुठली लावावी?

उलटीपिन

आधी एक चाचणी, मग बाकीचं. चासी मेन्सपासून (घरच्या विजेपासून) सुटी आहे की नाही हे कळल्याशिवाय कुठलीही वायर लावू नका.

प्लग भिंतीतून काढा. रेडिओचा स्वतःचा स्विच ऑन ठेवा (हे लोक विसरतात आणि चुकीचं रीडिंग घेऊन बसतात). मल्टीमीटर सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर. एक टोक चासीच्या उघड्या धातूला, दुसरं आधी प्लगच्या एका पिनेला, मग दुसऱ्या पिनेला. दोन्ही वेळा ओपन (जोडच नाही) किंवा कित्येक मेगाओहम दिसलं तर चासी सुटी. एका पिनेला शून्याच्या आसपास दिसलं तर चासी थेट मेन्सवर आहे. शे-दोनशे किलोओहम दिसलं तर मेन्सची एक बाजू रेझिस्टन्स आणि कंडेन्सरमधून चासीला गेलेली असते. तोही संच सुटा समजू नका.

‘ट्रान्सफॉर्मर दिसतोय, म्हणजे सुरक्षित’ हे खरं नाही. काही संचांत ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्याला एकच गुंडाळी. डोळ्यांना तो फसवतो, मीटरला नाही.

तुमचा लहान संच बघूनच सांगता येतो. यू मालिकेच्या व्हॉल्व्हांची फिलामेंटं १०० मिलिअँपवर एकापाठोपाठ एक जोडलेली असतात: १९, १९, ५० आणि ३८, मिळून १२६ व्होल्ट. २३० मधले उरलेले १०४ व्होल्ट साधारण १ किलोओहमचा मोठा रेझिस्टन्स खातो आणि दहा वॉट उष्णता काढतो. ट्रान्सफॉर्मर नाहीच. प्लग उलटा बसला तर चासीवर फेज. त्यातही स्विच एकाच वायरीत आणि तो चासीच्या बाजूच्या वायरीत असेल, तर रेडिओ *बंद* केल्यावर फिलामेंटच्या साखळीतून फेज चासीवर येऊन बसतो. चालू असताना टेस्टर पेटत नाही आणि बंद केल्यावर पेटतो, त्याचं कारण हेच. म्हणून लहान संचाला मोबाइल वायरने जोडायचा विचार इथेच सोडा.

तारमोड

मोठ्याची चाचणी ओपन आली असं धरून पिकअपचं सांगतो.

दोनपैकी एक सॉकेट चासीला जोडलेलं असतं. ओहमवर शून्य दाखवेल ते. दुसरं ग्रामवर फिरवलं की व्हॉल्यूम कंट्रोलवर जातं, तिथे ५०० किलोओहम ते १ मेगाओहम दिसेल. आता संच चालू करून त्या दोघांत डीसी व्होल्ट मोजा. शून्य हवेत. काही व्होल्ट दिसले तर आतला एखादा कंडेन्सर गळतोय, आधी तो शोधा.

वायर अशी बनवा: ३.५ मिमीचा तीन कड्यांचा प्लग, दोन गाभ्यांची शिल्डेड वायर, पलीकडे दोन बनाना प्लग. डाव्या आणि उजव्या गाभ्याला प्रत्येकी १ किलोओहम पाव वॉटचा रेझिस्टन्स, त्यांची पुढची टोकं एकत्र करून गरम, म्हणजे सिग्नलच्या, सॉकेटला. शिल्ड चासीच्या सॉकेटला. रेझिस्टन्स रेडिओच्या बाजूच्या प्लगमध्येच बसवा. लाइन आउटमधून घेत असाल तर ४.७ किलोओहम घातले तरी चालतील.

डावं-उजवं नुसतं पिळून एकत्र करू नका. मोबाइलच्या दोन छोट्या अँप्लिफायरांचा आउटपुट रोध ओहमभर किंवा त्याहूनही कमी असतो. दोन्हीकडे वेगळा सिग्नल आला की ते एकमेकांच्या अंगावर करंट ढकलतात. आवाज फाटतो आणि बॅटरी उगाच जळते.

‘मोबाइलचा सिग्नल पुरेल का’ हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून हिशेब देतो. ईएल ८४ ला पूर्ण ५.७ वॉटसाठी ग्रिडवर ४.३ व्होल्ट लागतात. त्याच्या आधीचा ईबीसी ८१ चा ट्रायोड सर्किटमध्ये साधारण ५० पट वाढवतो. म्हणजे फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देणं) नसेल तर व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर ०.१ व्होल्टही पुष्कळ. फीडबॅक धरला तरी ०.२ ते ०.३. मोबाइल अर्धा व्होल्ट सहज देतो. मधे प्रीअँप घालायची काहीच गरज नाही. मोबाइलचा आवाज पाऊण ठेवा, बाकी रेडिओच्या बटणावर. मोबाइलमधला बेस वाढवणारा इक्वलायझर बंद करा. या संचांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर छोटा असतो, खालच्या सुरांत त्याचं लोखंड भरतं (आणखी चुंबकत्व घेत नाही) आणि सगळंच गाणं चिरकतं.

मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर २ नंबर शिल्ड, ३ आणि ५ वर आवाज आत. १ आणि ४ टेपला बाहेर देण्यासाठी असतात, तिथे मोबाइल लावला तर काहीच वाजणार नाही.

ग्रामवर फिरवूनही मागे स्टेशन पुटपुटत असेल तर संच बिघडलेला नाही. चांगल्या संचांत ग्रामवर पुढच्या व्हॉल्व्हांचा एचटी (उच्च व्होल्टचा सप्लाय) तोडतात, स्वस्तातल्यांत नुसता व्हॉल्यूमचा वरचा टोक इकडून तिकडे होतो. काटा रिकाम्या जागी नेऊन ठेवा.

हिरवाडोळा

मोठा दोन्ही पिनांना ओपन. पिकअपवर डीसी शून्य. वरची वायर बनवली, मोबाइल सुरेख वाजतो. लॅपटॉप लावला की मात्र घूंऽऽ असा आवाज. चार्जर काढला की बंद. आणि पिकअप नसलेल्या, पण चासी सुट्या असलेल्या संचात सिग्नल कुठे घालतात?

तारमोड

लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असेल तर त्याच्यातून अर्थ येते, आणि रेडिओच्या अर्थ सॉकेटलाही तुम्ही अर्थ दिलेली असणार. दोन अर्थांमधून फिरणारा करंट शिल्डमधून जातो आणि ऐकू येतो. दोन पिनांचा चार्जरही निर्दोष नाही, त्याच्या आतल्या छोट्या कंडेन्सरमधून मेन्सची गळती येते. उपाय एकच: ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. दोन १ किलोओहम आधी, मग ट्रान्सफॉर्मरची एक गुंडाळी, त्या बाजूचं दुसरं टोक लॅपटॉपच्या शिल्डला. रेडिओकडची गुंडाळी पिकअपच्या दोन सॉकेट्सना, तिच्यावर आडवा ४.७ किलोओहम, तो नसेल तर वरचे सूर टोचतात. दोन्ही बाजूंची शिल्ड कुठेही एकमेकींना शिवू देऊ नका, नाहीतर ट्रान्सफॉर्मर नुसता शोभेला. मेन्स ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा आणि तरी थोडी गुणगुण राहिली तर त्याला फिरवून बघा, एका कोनात ती गायब होते.

पिकअप नसेल तर जागा एकच, व्हॉल्यूम कंट्रोलचं वरचं टोक. डिटेक्टरकडून (स्टेशनच्या लहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून) तिथे येणारी वायर तोडा आणि टू-वे स्विच घाला: एका बाजूला डिटेक्टर, दुसऱ्या बाजूला तुमचं नवं सॉकेट, मधला पाय व्हॉल्यूमला. न तोडता समांतर जोडलंत तर मोबाइलचा कमी रोध डिटेक्टरचा आवाज गिळून टाकतो. नव्या सॉकेटच्या गरम वायरीत ०.०४७ ते ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कंडेन्सर हवाच, कारण पुष्कळ संचांत व्हॉल्यूमच्या वरच्या टोकावर डिटेक्टरचा ऋण डीसी असतो. स्विचपर्यंतची वायर शिल्डेड, शिल्ड एकाच टोकाला चासीवर.

किलोसायकल

डायोड का तापतो ते सांगतो. हा घोळ जवळजवळ प्रत्येक जण करतो.

तुमच्या फिलामेंट गुंडाळीचं एक टोक चासीला जोडलेलं आहे. ब्रिजच्या ऋण टोकापासून दोन डायोड एसीच्या दोन्ही टोकांकडे जातात. ऑडिओची काळी वायर चासीला लावली की ब्रिजचं ऋण टोकही चासीवर येतं. झालं, दोन डायोडांपैकी एकाची दोन्ही टोकं चासीवर, तो निकामी. आणि दुसरा सरळ ६.३ व्होल्टच्या गुंडाळीवर आडवा. दर दुसऱ्या अर्ध्या फेरीला तो गुंडाळी शॉर्ट करतो. आणखी थोडा वेळ ठेवलं असतं तर डायोड गेला असता, किंवा तो टिकून ट्रान्सफॉर्मर भाजला असता. दुसरी शक्यता वाईट.

इथे ब्रिज नकोच. चासीकडचं टोक हेच तुमचं ऋण. दुसऱ्या टोकाला एक १एन ५८१९ डायोड, पुढे २२०० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट, मग ७८०५. शिखर ८.९ व्होल्ट, डायोडचे ०.४ गेले, ८.५ राहिले. बोर्ड १०० मिलिअँप घेत असेल तर ५० सायकलवर (हर्ट्झवर) कंडेन्सर दोन डोसांच्या मधे ०.९ व्होल्ट उतरतो, म्हणजे तळ ७.६. ७८०५ ला साधारण ७ लागतात. बसतं, पण १००० मायक्रोफॅरडवर बसणार नाही आणि बोर्डातून घूं येईल.

फिलामेंटची गुंडाळी मधोमध चासीला बांधलेली असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण प्रत्येक बाजूला ३.१५ व्होल्टच मिळतात. तिथे ब्रिज ठेवा, ७८०५ ठेवा, आणि पुढे बी०५०५एस हा ५ ते ५ व्होल्टचा, १ वॉटचा विलग कन्व्हर्टर घाला. त्याची पुढची बाजू मागच्या बाजूपासून सुटी असते, मग काळी वायर चासीला खुशाल लावा. एक टोक चासीवर असलेल्या तुमच्या संचातही मी हाच घालेन: ब्लूटूथची ती टिकटिक, चिर्रचिर्र बरीच कमी होते. ती टिकटिक येते कारण बोर्डाच्या सप्लायचा धडधडता करंट आणि ऑडिओ एकाच काळ्या वायरीतून परत जातात.

तुमच्या व्हॉल्व्हांची फिलामेंटं २.१ अँपच्या आसपास घेतात. बोर्डाची भर त्यामानाने थोडी. तरी जोडल्यावर फिलामेंटवर एसी मोजा. ६ च्या खाली गेलं तर बोर्डाला वेगळा ट्रान्सफॉर्मर द्या.

अजून तीन गोष्टी. बोर्ड घेताना ‘अँप्लिफायरसह’ असलेला घेऊ नका. त्याच्या स्पीकरच्या दोन वायरींपैकी एकही ऋण टोकाला जोडलेली नसते, एक चासीला लावलीत की चिप गेली. नुसता लाइन आउटवाला घ्या. बोर्डाचं एरियलचं टोक चासीच्या पत्र्यापासून दूर, लाकडाला चिकटवून. लाकडातून सिग्नल आरपार जातो, पत्र्यातून नाही. ईएल ८४ च्या वर तर मुळीच नको. आणि बोर्डाचा सप्लाय स्वतंत्र स्विचने तोडता आला पाहिजे, कारण कन्व्हर्टर चालू राहिला तर तोच मिडियम वेव्हवर शिट्ट्या मारतो आणि मग तुम्ही एलईडी दिव्यांना शिव्या देत बसाल.

जुनीतबकडी

लहान संचाबद्दल इतकं घाबरवायला नको. मोबाइलच्या दोन्ही वायरींत ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर घातले की डीसी अडतो, मेन्स अडतो, काम झालं.

उलटीपिन

मेन्स एसी आहे, कंडेन्सर त्याला अडवत नाही. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्ट ५० सायकलवर ७.२ मिलिअँप वाहतात. साधारण १० मिलिअँपला पकडलेला हात सुटत नाही, तुम्ही त्याच्या दारात उभे आहात. तेही कंडेन्सर धड आहे तोवर; शॉर्ट झाला तर हिशेबच संपला.

बरं, सुरक्षित किंमत घेऊ. वाय१ वर्गाचा (मेन्स आणि माणूस यांच्यात ठेवण्यासाठीच बनवलेला) १ नॅनोफॅरड: ७२ मायक्रोअँप, ठीक. पण त्यातून ५०० किलोओहमच्या व्हॉल्यूमवर सिग्नल घातला तर ३०० सायकलच्या खालचा सगळा आवाज गळतो, आणि शिल्डच्या वायरीतही तितकाच छोटा कंडेन्सर असल्याने मेन्सची घरघर गाण्यापेक्षा मोठी. आवाजाला लागणारा कंडेन्सर माणसाला मोठा, माणसाला चालणारा आवाजाला छोटा. मधली किंमत नाही. छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मरही इथे भिंत म्हणून वापरू नका, त्याच्या दोन गुंडाळ्यांमधलं इन्सुलेशन मेन्ससाठी केलेलं नसतं. आणि व्हेरिअ‍ॅक (व्होल्ट कमी-जास्त करायचा फिरता ट्रान्सफॉर्मर) म्हणजे आयसोलेशन, मेन्सपासून सुटं करणं, नव्हे, ती एकच गुंडाळी आहे.

लहान संचाला दोन रस्ते. एक, खरा १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, १०० व्हीएचा, कायमचा जोडलेला; उद्या कोणी तो काढून प्लग थेट भिंतीत घालू शकणार नसेल तरच. दुसरा आणि चांगला, एएम मॉड्युलेटर (मोबाइलचा आवाज मिडियम वेव्हवर सोडणारा छोटा प्रेषक). मोबाइल मॉड्युलेटरला, मॉड्युलेटर बॅटरीवर, आणि त्याच्या आउटपुटची इन्सुलेटेड वायर रेडिओच्या लोंबत्या एरियलभोवती चार-पाच वेढे. तांब्याला तांबं लागतच नाही, म्हणून चासी कुठल्या फेजवर आहे याचा प्रश्नच उरत नाही. शक्ती अगदी कमी ठेवा. किती चालते याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत आणि वायर लांब सोडली की तो प्रसारण केंद्र होतो.

फ्रीक्वेन्सी निवडताना दिवसा नाही, रात्री रिकामी असलेली जागा बघा. आयएफच्या (संचाच्या आतल्या ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीच्या) दुपटीच्या आसपास जाऊ नका: ४५५ किलोसायकल आयएफ असेल तर ९१०, ४७० असेल तर ९४०. तिथे डिटेक्टरमधून निघालेली आयएफची दुप्पट पुन्हा एरियलकडे पोचते आणि गाण्यावर शिट्टी बसते. मॉड्युलेटरला सिग्नल जास्त दिला तर आवाज मोठा होत नाही, फाटतो. वरचे सूर ४-५ किलोसायकलच्या पुढे मिळणार नाहीत, आयएफ तेवढंच सोडते. या संचाचा स्पीकर बघता काही बिघडत नाही.

त्या लोंबत्या वायरीच्या मुळाशी एक जुना कंडेन्सर असतो, चासी आणि तुमचा हात यांच्यात तेवढाच आडोसा. तो बदलून वाय१ वर्गाचा ४७० पिकोफॅरड ते १ नॅनोफॅरड घाला. अर्थचं सॉकेट असेल तर त्यालाही तसाच. खरी अर्थिंग चासीला *कधीच* नाही.

किलोसायकल

एरियल. खोलीत दहा फूट वायर आणखी टांगून खरखर वाढेल, कमी होणार नाही. एलईडीच्या ड्रायव्हरची (दिव्यातल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटची) घाण घरातल्या वायरिंगभर पसरते आणि वायरिंगपासून दोन मीटरांत जे जे टांगाल ते ती उचलतं. संच बहिरा नाही. त्याला चांगली जागा हवी.

जागा असेल तर बाहेर १० ते १५ मीटर तार, दोन्ही टोकांना इन्सुलेटर, विजेच्या तारांपासून दूर आणि त्यांना काटकोनात. पण तारेपासून रेडिओपर्यंतची उतरती वायर साधी ठेवलीत तर तीच घरात शिरून सगळी खरखर गोळा करते. म्हणून तारेच्या पायथ्याशी ट्रान्सफॉर्मर, तिथेच जमिनीत ठोकलेली स्वतंत्र अर्थ, आणि तिथून टीव्हीच्या केबलसारखी कोअ‍ॅक्स. ३५ मिमी व्यासाची ४३ नंबरच्या मटेरियलची फेराइट रिंग, त्यावर दोन *सुट्या* गुंडाळ्या: तारेकडे २१ वेढे, कोअ‍ॅक्सकडे ७. तारेची गुंडाळी तार आणि अर्थ यांच्यात, कोअ‍ॅक्सची शिल्ड त्या अर्थला जोडायची नाही. इतर ठिकाणी दिसणाऱ्या आकृत्यांत ९ आणि ३ वेढे असतात. ते शॉर्टवेव्हला ठीक. मिडियम वेव्हच्या खालच्या टोकाला ३ वेढ्यांचा रोध पंचवीस-तीस ओहमच भरतो आणि ५४० किलोसायकलच्या आसपासची स्टेशनं शॉर्ट होतात. ७ वेढ्यांना तो दीडशेच्या जवळ जातो.

रेडिओपाशी कोअ‍ॅक्सचा गाभा एरियलला, शिल्ड अर्थ सॉकेटला. मोठ्या संचालाच हं. ‘मॅचिंग नाही’ (रोध जुळत नाही) म्हणून मिडियम वेव्हवर जीव काढू नका. तार आणि अर्थ यांच्यात १०० किलोओहम १ वॉट कायमचा ठेवा, वाऱ्याने साचणारी स्थिर वीज निघून जाते. ढग गडगडायच्या आधी प्लग काढायचा, वीज पडताना तो रेझिस्टन्स काही करत नाही.

बाहेर जागा नसेल तर चौकट. ६० सेमी बाजूचा लाकडी चौकोन, १२ वेढे, वेढ्यांत ६ मिमी अंतर. साधारण १९५ मायक्रोहेन्री होतात. जुन्या गँग कंडेन्सरचा (रेडिओतल्या स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरचा) ५०० पिकोफॅरडचा एक भाग त्यावर लावला की जवळजवळ सगळा मिडियम वेव्ह बँड येतो. आत एक सुटा वेढा, त्याची टोकं पिळलेल्या वायरीने एरियल-अर्थला. स्टेशनवर रेडिओ लावा, गँग फिरवून आवाज फुगेल तिथे थांबा, मग चौकट हळूहळू फिरवा. खरखर एका दिशेने येत असेल तर एका कोनात ती बुडते. तो कोन अगदी अरुंद असतो, पाच-दहा अंश इकडेतिकडे झालं की गेला. स्टेशन आणि खरखर एकाच रेषेत असतील तर चौकट काही करू शकत नाही.

हिरवाडोळा

बी०५०५एस घातला. डायोड थंड, टिकटिक जवळजवळ नाही, फिलामेंट ६.२. चौकटीने रात्री तीन नवी स्टेशनं आली. एकच शंका: गँगचं फिरणारं टोक कुठल्या बाजूला? हात जवळ नेला की ट्यूनिंग सरकतं.

किलोसायकल

चौकटीची दोन्ही टोकं सारखीच तरंगती असतात, त्यामुळे बाजू बदलून फरक पडणार नाही. गँगच्या दांड्याला दहा-बारा सेमीचा लाकडी किंवा प्लास्टिकचा लांबवलेला दांडा लावा आणि बटण त्याच्या टोकाला. धातूचा कपलर नको.